धंदा बंद केलेला माणूस नोकरीवर ठेवावा का?

प्रश्न : ताई, जळगाव एमआयडीसीत आमचा पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या नळ्यांचा कारखाना आहे. खरेदी आणि डिस्पॅच दोन्ही सांभाळेल असा मॅनेजर शोधतोय. सत्तेचाळीस वर्षांच्या एका गृहस्थांचा अर्ज आलाय. त्यांनी बरीच वर्षं स्वतःचं चटईचं युनिट चालवलं, कोविडनंतर ते बंद करावं लागलं. बोलण्यात माणूस पक्का वाटला. पण वडील म्हणतात, "ज्याला स्वतःचं सांभाळता आलं नाही तो आपलं काय सांभाळणार?" एचआरवाली मुलगी म्हणते, हे वर्षभरही टिकणार नाहीत, आणि त्यांच्याकडे पगाराची एक स्लिपसुद्धा नाही. काय करावं?

उत्तर : दादा, माझं मत विचाराल तर ठेवा. मी जळगाव-धुळे पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी माणसं शोधायचं आणि नेमायचं काम बऱ्याच वर्षांपासून करते. खरेदी, वसुली, डिस्पॅच, डीलर सांभाळणं या जागांवर पूर्वी स्वतःचा धंदा केलेला माणूस मिळत असेल तर मी त्याचा अर्ज आधी वर काढते. पण काही गोष्टी तपासून आणि काही गोष्टी आधीच कागदावर आणून, मगच ठेवा. त्या तुमच्या प्रश्नाच्या ओघातच सांगते.

आधी वडिलांचं. त्यांची शंका मी खोटी म्हणणार नाही. धंदा स्वतःच्या चुकीने बुडवणारेही असतात. पण आपल्याकडे गेल्या दहा वर्षांत बंद पडलेल्या छोट्या युनिटांकडे नीट पाहा. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली आणि रोखीवर फिरणारी उधारी जागच्या जागी अडकली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. विक्रीवरचा कर पुढच्याच महिन्यात भरायचा आणि पार्टीचे पैसे चार महिन्यांनी यायचे, हा ताण मोठ्या कारखान्याने सहन केला, पाच-दहा कामगारांच्या युनिटला तो जड गेला. त्यातून सावरत नाहीत तोच २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी, आणि तीही लग्नसराईच्या तोंडावर. नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्यांचं तर वेगळंच दुखणं. पथारीवर वाळत घातलेला माल एका अवकाळी पावसात मातीमोल होतो, त्यात व्यापाऱ्याची अक्कल कमी पडली असं कोण म्हणेल? म्हणून वडिलांचा प्रश्न टाकून देऊ नका, तो त्या गृहस्थांनाच विचारा. युनिट का बंद झालं आणि शेवटचं वर्ष कसं गेलं, हे त्यांच्या तोंडून ऐका. त्या उत्तरातच तुमचा निम्मा निर्णय आहे.

आता हा माणूस काय घेऊन येतो ते सांगते, कारण एरवी या गोष्टी बायोडेटावर दिसत नाहीत.

खरेदी खात्यात आयुष्यभर नोकरी केलेला चांगला माणूस भाव पाहतो. किलोमागे रुपया वाचवला की त्याचं काम झालं. धंदा केलेला माणूस भावासोबत दिवस मोजतो. साधा हिशेब करू. रेझिन, म्हणजे पाइपाचा कच्चा माल, किलोला ८० रुपये धरा. एक पुरवठादार ७९ ला देतो, पण रोखीत. दुसरा ८० लाच देतो, पण ४५ दिवसांनी पैसे मागतो. तुमच्या सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जखात्याचं, व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर ४५ दिवसांचे दीड टक्का, म्हणजे किलोला एक रुपया वीस पैसे. स्वस्त दिसणारा माल वीस पैशांनी महाग पडला. शिवाय तो आत्ताच भरून ठेवला तर गोडाऊन अडलं आणि पुढच्या आठवड्यात कंपन्यांनी भाव खाली आणले तर तोटा वेगळा. हा हिशेब कोणीही शिकू शकतो हे खरं. पण ज्याने महिन्याच्या सात तारखेला कामगारांचे पगार आणि वीस तारखेला जीएसटी एकाच सीसी खात्यातून भागवला आहे, त्याला तो शिकवावा लागत नाही. भाव ऐकता ऐकताच तो विचारतो, "पैसे कधी द्यायचे?"

तुमच्या धंद्यात तर हे दुप्पट महत्त्वाचं. ठिबकची मागणी खान्देशात वर्षभर सारखी नसते. मे-जूनमध्ये पूर्वहंगामी कापूस, त्याच्या पाठोपाठ केळीची मृगबाग, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास केळीचीच दुसरी लागवड, कांदेबाग. डीलर माल हंगामाआधी मागतो, पैसे शेतकऱ्याच्या हातात आल्यावर देतो, आणि शेतकरी अनुदानाकडे डोळे लावून बसलेला असतो. म्हणजे तुमचे पैसे सगळ्यात शेवटी मोकळे होतात. रेझिन कधी भरायचं, कोणत्या डीलरला किती माल सोडायचा आणि कोणाला "आधीचं बिल क्लिअर करा, मग गाडी लावतो" असं गोड शब्दांत सांगायचं, या तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. तुमच्याकडे आज त्या तीन वेगवेगळ्या टेबलांवर आहेत. स्वतःचं युनिट चालवलेल्या माणसाच्या डोक्यात त्या एकत्रच असतात, कारण त्याच्या युनिटात टेबलच एक होतं.

डिस्पॅचचंही तेच. पाइपाच्या गाडीत वजन भरण्याआधी जागा भरते. मोठ्या पाइपात लहान पाइप घालून गाडी भरली तर त्याच भाड्यात किती जास्त माल जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण संध्याकाळी सहाला ड्रायव्हर हॉर्न वाजवत असताना तेवढी मेहनत कोण घेतो? ज्याने कधीतरी भाडं स्वतःच्या खिशातून दिलंय तो. लाइट बिलाचंही असंच. कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे मंजूर वीजभार, किती, प्रत्यक्ष वापर किती, पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली कामी आलेली किती, तो का घसरला, हे बिल उलटसुलट वाचणारे मॅनेजर मी फार थोडे पाहिले. जे पाहिले त्यांतले बरेच पूर्वी स्वतः मीटरचे मालक होते.

अजून एक मुद्दा, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. छोट्या पुरवठादाराच्या जागी हा माणूस स्वतः बसलेला आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचं बंधन २००६ च्या कायद्यात आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे अशी मुदत उलटून थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खर्चात धरता येत नाही. तुमचा सीए हे मार्चमध्ये सांगेल. हा माणूस जुलैतच सांगेल, कारण थकलेल्या बिलापायी रात्री झोप न लागणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे. आणि ज्या कारखान्याचं पेमेंट वेळेवर येतं त्याला तंगीच्या काळातही माल आधी मिळतो.

नंदुरबारकडचे एक मिरची व्यापारी धंदा बंद केल्यावर मसाल्याच्या एका कंपनीत खरेदीला लागले. त्यांनी रुजू झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर मालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, झाली की त्याच दिवशी पैसे द्यायला मालकांना तयार केलं. हिशेब खात्याने विरोध केला, पद्धत पंधरा दिवसांची होती. यांनी मालकांना समजावलं की बाजारात चांगला वाळलेला, रंगाचा माल सकाळी पहिल्यांदा कोणाला दाखवायचा हे विकणारा ठरवतो, आणि तो रोख देणाऱ्याला दाखवतो. एका हंगामात ओलसर माल परत करण्याचं प्रमाण इतकं कमी झालं की हिशेब खातं स्वतःहून गप्प झालं. अशी सुधारणा बाहेरचा सल्लागार सुचवू शकतो, पण बाजारात उभं राहून ती निभावणारा माणूस आतलाच लागतो.

आता "टिकणार नाहीत" या शंकेकडे येते. काही खरंच टिकत नाहीत. एका डाळमिलच्या माजी मालकांना एका प्रक्रिया उद्योगात उत्पादन सांभाळायला घेतलं होतं. माणूस इतका जाणता की मशीनच्या आवाजावरून उतारा, म्हणजे निघणारा माल, कमी येतोय हे ओळखायचा. पण दोन हजारांचा पट्टा बदलायचा तरी तीन सह्या, आणि तिसरी सही पुण्याहून. पाच महिन्यांत ते गेले. कंपनीत सगळे म्हणाले, मालकी गेली तरी मालकपणा गेला नाही. मला ते पटलं नाही. त्यांना निर्णय घ्यायला म्हणून आणलं आणि निर्णयाचा अधिकार दिला नाही, असं कोणीही जाईल. म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी लिहून द्या : इतक्या रकमेपर्यंतची खरेदी तुम्ही ठरवा, त्यावर मला विचारा, आणि नवीन पुरवठादार जोडायचा असेल तर रक्कम कितीही असो, माझी सही. आकडा तुमच्या उलाढालीप्रमाणे ठरवा, पण आकडा असू द्या. "समजून घ्या, घरचंच आहे" असं म्हणून ठेवलेला अधिकार पहिल्या भांडणापर्यंतच टिकतो.

शिकून-सवरून तो पुन्हा स्वतःचं सुरू करेल, ही भीतीही तुमच्या एचआरच्या मनात असणार. करेलही. नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं हाच धंदा करायचा नाही अशी अट करारात घालून फारसा उपयोग नाही, भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे अशी अट सहसा टिकत नाही. नोकरीत असताना दुसरा धंदा करायचा नाही, डीलरची यादी आणि भाव बाहेर न्यायचे नाहीत, एवढं मात्र नीट लिहून घेता येतं. माझं म्हणणं असं की त्याला सरळ विचारा : पुढची तीन वर्षं इथे देणार का? सत्तेचाळीसाव्या वर्षी, मुलं कॉलेजात असताना, एकदा हात पोळलेला माणूस या प्रश्नाचं उत्तर पंचविशीतल्या मुलापेक्षा जास्त जबाबदारीने देतो. आणि तीन वर्षांत तो तुमच्या खरेदीची घडी बसवून, खालच्या दोन मुलांना तयार करून गेला, तर तुमचं काय गेलं? चांगल्या संबंधांत गेला तर उद्या तुमचा डीलरही होईल. हे मी घडताना पाहिलंय.

स्लिप नाही म्हणून अर्ज बाजूला टाकणं हे मला सगळ्यात जास्त खटकतं. एचआरच्या सॉफ्टवेअरला "मागील कंपनी" आणि "मागील पगार" हे दोन रकाने भरलेले लागतात, आणि स्वतःचा धंदा केलेल्याकडे दोन्ही नसतात. पण त्याच्याकडे त्याहून जास्त कागद असतात. मागचे आयटीआर, म्हणजे आयकर रिटर्न, मागा, पगारदाराच्या फॉर्म सोळाच्या जागी ते चालतात. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाका, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि रद्द असेल तर कोणत्या तारखेपासून, हे कोणालाही दिसतं. युनिट प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी खात्याच्या साइटवर संचालकांची माहिती आहे. कोर्टांच्या ई-कोर्ट्स साइटवर नाव घालून पाहा. चेक बाउन्सची एखादी केस दिसली म्हणून घाबरू नका, धंदा आवरताना अशी केस होऊ शकते. पण ती त्यांनी स्वतःहून सांगितली होती का, हे बघा.

एक तपासणी मात्र मी कधीच सोडत नाही. युनिटात वीस किंवा जास्त कामगार असतील तर पीएफ लागू असतो, आणि पीएफ खात्याच्या, म्हणजे ईपीएफओच्या, साइटवर आस्थापनेचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचा भरणा झाला ते दिसतं. कामगाराच्या पगारातून कापलेली पीएफची रक्कम भरलीच नाही, असं आढळलं तर मी त्या माणसाची शिफारस करत नाही. बँकेचं थकलं, पुरवठादाराशी तडजोड करावी लागली, हे मी समजू शकते. दुसऱ्याच्या पगारातला कापलेला पैसा वापरणं वेगळं. त्यांचं युनिट वीसच्या खालचं असेल तर मुलाखतीत विचारा, शेवटच्या सहा महिन्यांत पैसे कमी पडत होते तेव्हा कोणाचे आधी दिले? कामगार, बँक, प्लास्टिकचा दाणा (चटईचा कच्चा माल) देणारा, जीएसटी, घर, या पाचांचा क्रम त्यांना आठवत असेल, आणि तसा क्रम का ठेवला हे सांगता येत असेल, तर माणूस जमिनीवर आहे. दुसरा प्रश्न, असा कोणता ग्राहक होता जो तुम्ही स्वतः सोडलात? ज्याने कधीच ग्राहक सोडला नाही, त्याच्या हातात तुमची उधारी देताना विचार करा. आणि सगळं खापर भागीदारावर, बँकेवर, सरकारवर फोडणारा माणूस असेल तर मुलाखत तिथेच थांबवा.

हितसंबंधांचं बोलणं अवघड वाटतं, पण ते आधीच करा. चटईचं युनिट बंद केलंय तर जीएसटी रद्द केल्याचा आदेश आणि शेवटचं जीएसटीआर-१० रिटर्न दाखवायला सांगा. पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर दाण्याचा किंवा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे का, ते लिहून घ्या. असला तर गुन्हा नाही. जळगावात सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी असतातच. पण त्या पार्टीकडून खरेदी होईल तेव्हा भाव तुम्ही ठरवाल, एवढं स्पष्ट ठेवा. जुनी देणी बाकी असतील तर तेही विचारा. पैसे मागणारे तुमच्या गेटवर येऊन बसले तर त्यांना काय सांगायचं हे तुमच्या वॉचमनलाही माहीत हवं. कोर्टाकडून पगारावर जप्ती आलीच तरी कायद्याने ती पगाराच्या काही भागापुरतीच येऊ शकते, घर चालण्यापुरतं शिल्लक राहतं.

पगाराबाबत एक गोष्ट फार आग्रहाने सांगते. असा माणूस बहुतेक वेळा म्हणतो, "घर चालेल एवढं द्या, बाकी तुम्ही बघा." त्याचा फायदा घेऊ नका. त्या जागेचा बाजारात जो पगार आहे तोच द्या. पडत्या काळात कमी पगारावर घेतलेल्या माणसाला सहा महिन्यांत आपली किंमत पुन्हा कळते आणि तो बाहेर बघायला लागतो. भागीदारीचं, नफ्यातल्या हिश्श्याचं मोघम आश्वासनही देऊ नका. द्यायचंच तर त्याच्या हातात असलेल्या गोष्टीवर द्या, जसं की ९० दिवसांवरची उधारी किती कमी झाली, किंवा मालाच्या टनामागे भाडं किती उतरलं.

आयुष्यात पहिल्यांदा नोकरी करणाऱ्याला काही साध्या गोष्टी कोणी सांगत नाही. त्या तुम्ही सांगा. आधी कधीच पीएफचा सभासद नसेल आणि पीएफसाठी धरला जाणारा पगार १५,००० च्या वर असेल तर त्याला पीएफमधून वगळता येतं, आणि घेतलं तरी सध्याच्या नियमांप्रमाणे त्याला ईपीएसची पेन्शन लागू होत नाही, मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्येच जातो. माझा सल्ला, वगळू नका. धंद्यात म्हातारपणची तजवीज खर्ची पडलेली असते, हा पीएफ त्यांच्यासाठी मोठा आधार आहे. जुन्या धंद्याचा तोटा पगारातून वजा करता येत नाही, म्हणून टीडीएस पूर्ण कापला जाईल, हेही नेमणुकीच्या वेळीच सांगा. नाहीतर पहिल्या पगाराच्या दिवशी गैरसमज.

त्यांना कोणाच्या हाताखाली ठेवणार, याचा विचार केलाय का? भुसावळला रेल्वे आणि ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे तीन-तीन पिढ्या नोकरीतली घरं आहेत, तिथे साहेबाच्या हाताखाली काम करण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. जळगावच्या दाणाबाजारात किंवा जिनिंगवाल्या घरात वाढलेल्या माणसाला मात्र "अमक्याचा पोऱ्या आता नोकरीला लागला" हे वाक्य फार लागतं. "लोके काय म्हनतीन" या एका धाकाने घरी बसून राहिलेले, कर्जात बुडत गेलेले किती तरी हुशार लोक मी ओळखते. त्यांनी तुमच्याकडे अर्ज केला, म्हणजे तो डोंगर त्यांनी ओलांडला आहे. त्याची जाण ठेवा. त्यांना थेट तुमच्या हाताखाली घ्या, मधे कोणी नको. पहिल्या दिवशी शॉप फ्लोअरवर स्वतः घेऊन जा आणि ओळख करून द्या. बाजारातले लोक त्यांना अजून शेठ म्हणून हाक मारतील, तुमच्या समोर मारतील. मारू द्या. त्या हाकेमागची बाजारातली पत तुमच्याच खरेदीच्या कामी येणार आहे. वडिलांना हे खटकू शकतं, त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.

सगळ्या जागांवर मी असा माणूस ठेवायला सांगणार नाही. नुसती नोंदवही भरायची, ठरल्या फॉर्ममध्ये अहवाल पाठवायचा, अशा कामात तो कुढत राहतो. जिथे वरचा साहेब वयाने लहान आणि मनाने असुरक्षित आहे तिथेही नको. आणि सहा महिने झाले तरी "माझ्याकडे असं नव्हतं" हेच पालुपद चालू राहिलं तर समजा, त्याचा पाय अजून जुन्या युनिटातच आहे. तेव्हा बसून मोकळं बोला, आणि तरी फरक पडला नाही तर सन्मानाने निरोप द्या.

मुलाखतीची दुसरी फेरी घेण्याआधी दोन फोन करा. एक, त्यांना दाणा देणाऱ्या जुन्या पुरवठादाराला. युनिट बंद करताना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, की फोन उचलणं बंद केलं, हे विचारा. दुसरा, त्यांच्या जुन्या कामगारांपैकी कोणालाही. चटईच्या लूमवर काम केलेली माणसं आज तुमच्याच एमआयडीसीत कुठेतरी असतील, शोधायला वेळ लागणार नाही. त्यांना एवढंच विचारा, शेठने उद्या पुन्हा बोलावलं तर जाल का? दोन्हीकडून बरं ऐकायला मिळालं तर स्लिपची वाट न पाहता ऑफर लेटर काढा.